डॉ. कोटणीस : परक्या देशाच्या जखमा बांधणारा सोलापूरचा डॉक्टर

६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर जातो. तासन्‌तास रांगेत उभे राहतो, पुस्तकांच्या स्टॉलवरून पिशवीभर पुस्तके घेतो आणि घरी परततो. त्यानंतर तीनच दिवसांनी, ९ डिसेंबरला, महाराष्ट्रातल्या आणखी एका माणसाचा स्मृतिदिन असतो. सोलापूर सोडले तर आपल्याकडे तो फारसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. चीनच्या हेबेई प्रांतात मात्र त्याच्या पुतळ्यासमोर आजही फुले वाहिली जातात. हा माणूस म्हणजे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, घरापासून हजारो मैलांवरच्या एका डोंगराळ खेड्यात त्यांचा मृत्यू झाला. ज्या देशावर आक्रमण झाले होते, त्या देशातल्या जखमींवर उपचार करण्यासाठी ते तिथे गेले होते.

डॉ. कोटणीस आपल्या चळवळीतले नव्हते. त्यांना चीनला पाठवले ते काँग्रेसने, आणि शेवटच्या वर्षी ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. मग बौद्ध तरुणांनी त्यांचे चरित्र का वाचायचे? याचे कारण आपल्या अभ्यासवर्गांत वारंवार येणारा एक प्रश्न आहे. युक्रेन, गाझा किंवा म्यानमारचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतो, इथे आपल्याच वस्तीत रोज अत्याचार होत असताना दुसऱ्या देशाच्या युद्धाचे ओझे आपण कशाला घ्यायचे? प्रश्न प्रामाणिक आहे. तो विचारणाऱ्याला स्वार्थी ठरवून गप्प बसवणे बरोबर नाही. कोटणीसांच्या आयुष्यात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते, म्हणून ते नीट समजून घेतले पाहिजे.

सोलापूर ते परळ

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. घरात भावंडे बरीच होती. सोलापूर तेव्हा कापड गिरण्यांचे शहर होते. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारे कामगार एकाच भोंग्यावर उठत होते. मे १९३० मध्ये याच शहरातल्या लोकांनी इंग्रजी सत्ता काही दिवसांपुरती खिळखिळी करून टाकली. सरकारने उत्तरादाखल मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आली. कोटणीस तेव्हा विशीत होते. रस्त्यावर लष्कर उतरले की साध्या माणसांचे काय होते, हे त्यांच्या गावाने त्याच काळात अनुभवले होते.

डॉक्टर होण्यासाठी ते मुंबईला आले. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपण ज्याला केईएमचे कॉलेज म्हणतो तिथे, त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. ज्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली आणि ज्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम चालले, ते हेच परळ. दोघांची भेट झाल्याची कुठे नोंद नाही आणि तसा दावाही करायचा नाही. एवढेच सांगायचे आहे की गिरणी कामगारांच्या, दलितांच्या आणि गरिबांच्या आजारांनी भरलेल्या रुग्णालयाच्या परिसरात हा तरुण डॉक्टर तयार झाला. पदवी मिळाली होती आणि पुढच्या शिक्षणाची तयारी सुरू होती. आयुष्य सरळ रेषेत जाणार असे दिसत होते.

चीनमध्ये काय घडत होते

७ जुलै १९३७ रोजी बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी जपानी आणि चिनी सैन्यात चकमक झाली आणि तिचे रूपांतर जपानच्या सर्वंकष आक्रमणात झाले. मांचुरिया तर जपानने १९३१ मध्येच गिळला होता. आता शांघायवर हल्ला झाला. १३ डिसेंबर १९३७ रोजी तेव्हाची राजधानी नानजिंग पडली. त्यानंतरचे काही आठवडे नानजिंगमध्ये जे झाले ते लढाईत मोडणारे नव्हते. शरण आलेले सैनिक आणि निःशस्त्र नागरिक यांच्या सरसकट कत्तली झाल्या, स्त्रियांवर मोठ्या प्रमाणावर बलात्कार झाले. टोकियोतल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने पुढे मृतांचा आकडा दोन लाखांच्या वर धरला, तर चीन सरकार तो तीन लाख सांगते.

नागरिकांचे हाल केवळ शत्रूच्या हातून झाले असेही नाही. जून १९३८ मध्ये जपानी सैन्याची वाट अडवण्यासाठी चीनच्याच राष्ट्रवादी सरकारने हुआयुआनकौ इथे पीत नदीचा बांध फोडला. त्या पुरात आणि नंतरच्या उपासमारीत लाखो शेतकरी दगावले. म्हणून आक्रमण झालेल्या देशाला पाठिंबा देणे म्हणजे तिथल्या सरकारची प्रत्येक कृती डोक्यावर घेणे नव्हे. आपला पाठिंबा माणसांना असतो, राज्यकर्त्यांना नव्हे. हा फरक धरून ठेवला नाही तर मदतीचे काम लवकरच प्रचाराचे काम होऊन बसते.

बावीस हजार रुपये आणि पाच माणसे

आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. भारताने सैन्य, शस्त्रे किंवा कर्ज द्यावे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. भारताकडे तेव्हा त्यातले काही नव्हतेच. देश स्वतः पारतंत्र्यात होता. पण डॉक्टर होते, आणि चीनमध्ये नेमकी त्यांचीच टंचाई होती. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. ३० जूनला त्यांनी जनतेला आवाहन केले. अखिल भारतीय चीन दिवस पाळला गेला आणि ७ ते ९ जुलै हे चीन निधीचे दिवस ठरले. या मोहिमेतून सुमारे २२,००० रुपये उभे राहिले. जोडीला जपानी मालावर बहिष्काराची हाक होतीच.

या मदतीची रचना नीट पाहा. ज्याच्यावर संकट आले, त्याने आपल्याला काय हवे ते सांगितले. देणाऱ्याने स्वतःकडे काय आहे ते पाहिले. त्यासाठी तारीख ठरवून निधी गोळा झाला, माणसे निवडली गेली, औषधे आणि रुग्णवाहिका मिळवली गेली आणि पथक पाठवले गेले. सभेतले ठराव हा या कामाचा पहिला टप्पा होता, काम तिथे संपले नाही. सामाजिक कार्यात आपण ज्याला गरजांची पाहणी म्हणतो, ती या पथकाच्या मुळाशी होती.

पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल पथकाचे प्रमुख होते. ते स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय सेवा करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी हे तिघे, आणि पाचवे सोलापूरचे डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून राजपुताना नावाच्या बोटीने हे पथक निघाले. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते.

त्याच वर्षाच्या जानेवारीत बाबासाहेबांनी खोती पद्धतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर नेला होता. बोट निघाल्यावर दोन महिन्यांनी, ७ नोव्हेंबरला, औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाने कामगारांचा संप घडवला, आणि तो काँग्रेसच्या प्रांतिक सरकारविरुद्ध होता. म्हणजे तेव्हाही इथले प्रश्न तीव्रच होते, आणि चीनला डॉक्टर पाठवणारा पक्ष इथल्या कामगारांवर अन्याय करणारा कायदा आणत होता. ही विसंगती झाकायचे काही कारण नाही. पण काँग्रेसच्या त्या चुकीमुळे चीनमधल्या जखमींची जखम खोटी ठरत नाही. इथला लढा आणि तिथली मदत यांत एकाचीच निवड करायला कुणी सांगितलेले नाही.

नावात चीन

१७ सप्टेंबरला पथक ग्वांगझौला, म्हणजे जुन्या कँटनला पोहोचले. सन यत्‌-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढचा प्रवास म्हणजे एकेक शहर पडण्याआधी तिथून पुढे सरकणे होते. ऑक्टोबरमध्ये ग्वांगझौ पडले आणि त्याच महिन्यात वुहानही गेले. विमानातून होणाऱ्या बॉम्बफेकीला गिरणी, बाजार, शाळा, रुग्णालय असा भेद नव्हता. डॉक्टर पश्चिमेकडे सरकत युद्धकाळातल्या राजधानीत, चोंगछिंगला आले.

चोंगछिंगमध्ये दोन गोष्टी घडल्या. शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे प्राध्यापक तान युन-शान यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी हुआ हा शब्द जोडला. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले के दिहुआ. दुसरी गोष्ट दुःखाची होती. वडील गेल्याची बातमी त्यांना इथे कळली. घरी परत जाण्याला कुणी नाव ठेवले नसते, पण ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक यानानला, कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर पोहोचले. तिथे मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांत माणसे राहत होती आणि रुग्णालयेही गुहांतच होती.

यथावकाश पथकातले डॉक्टर एकेक करून परतू लागले. त्याच वर्षी डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी मायदेशी गेले. मुखर्जींची प्रकृती साथ देत नव्हती. डॉ. अटल, बसू आणि कोटणीस वर्षाच्या अखेरीस उत्तरेकडच्या आघाडीवर गेले. पुढे अटलही आजारपणामुळे परतले. परतणाऱ्यांना कमी लेखू नये. ज्याने वर्षभर दिले त्याने वर्षभर दिले. मदतीच्या कामात प्रत्येकाची ताकद वेगळी असते, आणि आजारी कार्यकर्त्याला अपराधी वाटायला लावणारी चळवळ फार काळ टिकत नाही. कोटणीसांनी मात्र राहायचे ठरवले.

आघाडीवरचे रुग्णालय

१९४० मध्ये ते शांशी, चाहार आणि हेबेई या प्रांतांच्या सीमेवरच्या डोंगराळ भागात पोहोचले. याच भागात त्यांच्या आधी कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून काम करत होते. जखमींपर्यंत रुग्णालय न्यायचे, जखमी रुग्णालयापर्यंत येण्याची वाट पाहायची नाही, अशी त्यांची पद्धत होती. खेड्यातल्या एका जुन्या मंदिरात शस्त्रक्रिया करतानाचे बेथून यांचे छायाचित्र जगभर गाजले. जखमी जपानी कैद्यांवरही त्यांनी उपचार केले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष रक्तात भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा मृत्यू झाला होता. हातमोजे, जंतुनाशके, औषधे सगळ्याचीच वानवा होती.

ऑगस्ट १९४० मध्ये चिनी सैन्याने जपान्यांच्या रेल्वेमार्गांवर आणि ठाण्यांवर मोठा हल्ला चढवला. इतिहासात तो शंभर रेजिमेंटांची मोहीम म्हणून ओळखला जातो. त्या काळात कोटणीसांनी शेकडो जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. एकदा ते सलग ७२ तास शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभे होते, अशी आठवण सांगितली जाते. या मोहिमेचा सूड म्हणून जपानी सैन्याने उत्तर चीनमध्ये दिसेल ते जाळणे, लुटणे आणि दिसेल त्याला मारणे असे धोरण अवलंबले. गावेच्या गावे ओसाड पाडली. धान्य, मीठ, औषध यांची नाकेबंदी झाली. सैनिक आणि शेतकरी यांच्या जखमांत काही फरक उरला नाही.

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून नेमणूक झाली. हे रुग्णालय हेबेईतल्या तांग जिल्ह्यात गेगोंग नावाच्या खेड्यात होते. रुग्णालय म्हटल्यावर परळसारखी इमारत डोळ्यांसमोर आणू नये. शेतकऱ्यांच्या घरांत रुग्ण ठेवायचे, शत्रू जवळ आला की सगळे उचलून डोंगरात न्यायचे, आणि तो गेला की पुन्हा मांडायचे, असा हा दवाखाना होता. सोबत वैद्यकीय शाळाही होती. कोटणीस चिनी बोलायला आणि वाचायला शिकले. शल्यचिकित्सेवर त्यांनी पाठ्यपुस्तक लिहिले आणि दुसरे लिहायला घेतले होते.

या शिकवण्याच्या कामाकडे खास लक्ष दिले पाहिजे. बाहेरून आलेला डॉक्टर स्वतःच्या दोन हातांनी किती जखमी वाचवणार? तो गेला की काम थांबणार. पण त्याने तिथल्याच तरुणांना शिकवले, त्यांच्या भाषेत शिकवले, तर काम मागे उरते. मदत घेणारा कायमचा मदत घेणाराच राहावा, अशी मदत म्हणजे उपकार. त्याला उभे राहता यावे म्हणून केलेली मदत ही सहकार्याची. दयेवर जगणे म्हणजे काय हे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. त्यामुळे हा फरक आपल्याला तरी कुणी समजावून सांगायला नको.

त्या भागातले लोक त्यांना काळी आई म्हणत, अशी एक आठवण चीनमध्ये सांगितली जाते. सावळ्या वर्णाचा हा परदेशी डॉक्टर रुग्णाची आईसारखी काळजी घेतो, एवढाच त्यांचा अर्थ असावा. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी काळी आई म्हणजे जमीन, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते.

घर, मूल आणि शेवट

बेथून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत गुओ छिंगलान परिचर्या शिकवत होत्या. १९४१ च्या अखेरीस दोघांचे लग्न झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

तोवर कोटणीसांची तब्येत ढासळू लागली होती. त्यांना अपस्माराचे झटके येत. उपचारासाठी मागे सुरक्षित भागात जाण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता. ते गेले नाहीत. त्यागाच्या कथेत हा प्रसंग नेहमी अभिमानाने सांगितला जातो, पण आजच्या कार्यकर्त्याने तो थोडा सावधपणे वाचावा. जो माणूस इतरांना विश्रांती आणि औषध घ्यायला लावतो, त्याने स्वतःचा आजार दुर्लक्षित करणे हा आदर्श नव्हे. युद्धाने आणि नाकेबंदीने त्यांच्यापुढचे पर्याय कमी केले होते हे खरे. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांनंतर त्यांचा मृत्यू झाला. मूल तेव्हा साडेतीन महिन्यांचे होते.

पुढे शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत बेथून आणि कोटणीस या दोघांची स्मारके उभी राहिली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी डॉ. कोटणीस की अमर कहानी हा चित्रपट काढला. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला कोटणीस ठाऊक झाले ते प्रामुख्याने या चित्रपटामुळे. सोलापुरातल्या त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे. मुलगा यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये ऐन तारुण्यात वारला. गुओ छिंगलान २०१२ पर्यंत जगल्या आणि भारतातल्या सासरच्या माणसांशी त्यांनी नाते टिकवून ठेवले. मधल्या काळात, १९६२ मध्ये, दोन्ही देशांत युद्धही झाले. राज्यांची मैत्री अशी बदलत असते. पण म्हणून बांधलेल्या जखमा पुन्हा उघड्या पडत नाहीत.

आक्रमक बुद्धाचे नाव घेत होता

आता आपल्याला बौद्ध म्हणून सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. ज्या जपानने हे आक्रमण केले, त्या देशात बौद्ध धर्म शतकानुशतके रुजलेला होता. तिथल्या प्रमुख बौद्ध संप्रदायांपैकी बहुतेकांनी युद्धाला पाठिंबा दिला. भिक्षूंनी सैनिकांना आशीर्वाद दिले, युद्धनिधी गोळा केला, आणि सम्राटाची आज्ञा पाळणे हाच धर्म असल्याची शिकवण दिली. विजयाची प्रार्थना करायला जपानी सैनिक बुद्धमंदिरात गेल्याची बातमी वाचून रवींद्रनाथ टागोरांनी त्यावर उपरोधाची कविता लिहिली. १९३८ मध्येच जपानी कवी योने नोगुची यांनी टागोरांना पत्र लिहून आक्रमणाचे समर्थन केले. जपानवर प्रेम असूनही टागोरांनी त्यांना ठाम नकार कळवला.

विरोध करणारे भिक्षू नव्हतेच असे नाही. ताकेनाका शोगेन नावाच्या वृद्ध भिक्षूने १९३७ मध्ये युद्ध हे पाप आहे असे उघड सांगितले. सरकारने त्यांच्यावर खटला भरला आणि त्यांच्याच संप्रदायाने त्यांचा दर्जा कमी केला. त्यांना पुन्हा सन्मान द्यायला संप्रदायाला २००७ साल उजाडावे लागले. सोतो झेन संप्रदायाने युद्धातल्या आपल्या सहभागाबद्दल १९९२ मध्ये जाहीर माफी मागितली. माफी मागितली याचे मोल आहे, पण नानजिंगच्या माणसांना तिचा काही उपयोग नव्हता.

म्हणजे १९३८ मध्ये एका बाजूला बुद्धाच्या मूर्तीसमोर विजयाची प्रार्थना चालू होती आणि दुसऱ्या बाजूला, बुद्धाचे नावही न घेणारे काही डॉक्टर करुणेचे काम करत होते. या दोन बाजूंपैकी धम्म कुठे होता, हे ठरवायला फार विद्वत्ता लागत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला धर्म आणि धम्म यांतला फरक शिकवला तो अशाच वेळी वापरण्यासाठी.

हा इतिहास फक्त जपानचा नाही. २०१७ मध्ये बौद्धबहुल म्यानमारच्या सैन्याने केलेल्या हिंसाचारामुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले, आणि तिथल्या काही भिक्षूंनी त्यांच्याविरुद्ध द्वेष पसरवला. त्या वेळी आपल्यापैकी कितीजण बोलले? आक्रमक परधर्मीय असला की निषेध आणि बौद्ध असला की मौन, असे वागणार असू तर आपण पंचशील म्हणतो ते केवळ सवयीने.

रोहिणी नदीचा धडा

बाबासाहेबांच्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, आजारी आणि प्रेत ही दृश्ये नाहीत. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य संघाने कोलियांविरुद्ध युद्ध पुकारण्याचा ठराव केला आणि सिद्धार्थाने त्याला विरोध केला. वाद मिटवण्यासाठी दोन्ही बाजूंनी पंच नेमावेत असे त्याने सुचवले. बहुमत विरोधात गेले. कुटुंबावर बहिष्कार आणि जमीन जप्तीची वेळ येऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली. ही कथा आपण दरवर्षी ऐकतो, पण तिचा अर्थ पुरेसा पचवत नाही. युद्ध करायला निघालेली माणसे त्याची स्वतःची होती, तरी तो त्यांच्या बाजूने गेला नाही.

याचा अर्थ बुद्ध आक्रमण मुकाट सोसायला सांगतात असाही नाही. सिंह सेनापतीच्या प्रश्नाची चर्चा करताना बाबासाहेबांनी हे स्पष्ट केले आहे. शांततेचे सगळे मार्ग खुंटल्यावर न्यायासाठी लढणाऱ्याला दोष लागत नाही, हिंसेची जबाबदारी युद्ध सुरू करणाऱ्यावर येते, असा तो आशय आहे. म्हणून आक्रमण झालेल्या देशाच्या बाजूने उभे राहणे आणि शांततावादी असणे यांत विरोध नाही.

मग आपण काय करायचे

प्रत्येकाने कोटणीसांसारखे आघाडीवर जावे असे कुणी म्हणणार नाही. पण त्यांच्या पथकाकडून काही साध्या गोष्टी नक्की उचलता येतात. पहिली, संकटातल्या माणसांना काय हवे ते आधी त्यांच्याकडून ऐकावे. दुसरी, आपल्याजवळ जे आहे तेच द्यावे. आपल्या समाजात आज डॉक्टर, परिचारिका, वकील, अनुवादक, अभियंते आहेत. १९३८ मध्ये आपल्याकडे यातले किती होते? तिसरी, विहारातून वर्षातून एकदा तरी युद्धपीडितांच्या वैद्यकीय मदतीसाठी विश्वासार्ह संस्थेमार्फत निधी जावा आणि त्याचा चोख हिशेब फलकावर लागावा. चौथी, खातरजमा केल्याशिवाय युद्धाचा कुठलाही व्हिडिओ पुढे पाठवू नये. पाचवी, आपल्या शहरात राहणाऱ्या निर्वासितांकडे संशयाने न पाहता शेजारी म्हणून पाहावे. यातल्या एकाही गोष्टीसाठी वस्तीतला लढा थांबवावा लागत नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येतो. आपल्यावरच अन्याय होत असताना दुसऱ्याचे ओझे का घ्यायचे? आपल्यावर अत्याचार होतो तेव्हा आपण जगाने दखल घ्यावी, असे म्हणतो. जिनिव्हापर्यंत निवेदने पाठवतो. दूरच्या देशातल्या अनोळखी माणसाने आपल्यासाठी आवाज उठवावा अशी आपली रास्त अपेक्षा असते. मग त्या दूरच्या माणसाच्या गावावर बॉम्ब पडत असताना आपण पाठ फिरवली, तर ती अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार? आपली मागणी माणुसकीच्या आधारावर आहे, आणि तो आधार सगळ्यांसाठी सारखा नसेल तर आपल्यासाठीही उरणार नाही.

पाच डॉक्टरांनी चीनचे युद्ध थांबवले नाही. जपान शरण आला तो ऑगस्ट १९४५ मध्ये, कोटणीसांच्या मृत्यूनंतर अडीच वर्षांहून अधिक काळाने. पण ज्यांच्या जखमा त्यांनी बांधल्या ती माणसे जगली, आणि ज्यांना त्यांनी शिकवले ते पुढे शस्त्रक्रिया करत राहिले. एका गुलाम देशाने लोकवर्गणीतून एवढे केले. येत्या ९ डिसेंबरला आपल्या विहारात, अभ्यासवर्गात या माणसाविषयी दहा मिनिटे बोला. आणि त्याच बैठकीत, आज जगात ज्यांच्यावर आक्रमण झाले आहे त्यांच्यासाठी आपण काय पाठवू शकतो, हे ठरवूनच उठा.

जय भीम. नमो बुद्धाय.